‘ब्लिंक’मधलं ते संभाषण लिहिलं कोणी?

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचा ‘ब्लिंक’ हा भाग पाहून झाला की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न अडकून राहतो. डीव्हीडीतला माणूस १९६९ सालात बसून २००७ सालातल्या मुलीला अचूक उत्तरं देतो. ती उत्तरं तो एका कागदावरून वाचतो आणि तो कागद त्याच संभाषणावरून लिहिलेला असतो. मग मुळात ते शब्द सुचले कोणाला?

गणपतीत मुंबई-पुण्याचे चाकरमानी घरी आले, आरत्या-भजनं आटोपली, की कोकणातल्या पडवीत रात्री जी चर्चा रंगते तिच्यात हल्ली अशा मालिकाही असतात. ‘ब्लिंक’वरचा वाद पहाटेपर्यंत चालतो, कारण बोलणारे चार वेगळे प्रश्न एकाच प्रश्नात कालवतात. ते वेगळे काढले की या भागात खरा न सुटणारा गुंता एकच उरतो आणि तोही वाटतो त्यापेक्षा बराच लहान आहे. पुढे सगळी कथा उघड केली आहे. भाग पाहिला नसेल तर आधी पाहा, साधारण ४५ मिनिटांचा आहे.

आधी थोडक्यात माहिती. हा भाग बीबीसी वनवर ९ जून २००७ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. लेखक स्टीव्हन मॉफट, दिग्दर्शन हेट्टी मॅकडोनाल्ड यांचं. नायिका सॅली स्पॅरो, म्हणजे कॅरी मुलिगन. मालिकेचा खरा नायक डॉक्टर आणि त्याची सोबतीण मार्था इथे अगदी थोडा वेळ दिसतात. ते १९६९ मध्ये अडकले आहेत आणि त्यांचं कालयान, म्हणजे निळी पोलीस पेटी ‘टार्डिस’, २००७ मध्येच राहिलं आहे. खलनायक म्हणजे दगडी देवदूतांचे पुतळे. कोणी पाहत असेल तोवर ते दगड असतात. नजर हटली किंवा पापणी लवली की हलतात. त्यांनी स्पर्श केला की माणूस भूतकाळात फेकला जातो, तिथेच म्हातारा होऊन मरतो आणि त्याचं न जगलेलं पुढचं आयुष्य हे पुतळ्यांचं अन्न.

आता उलगड्याची पद्धत. कोकण रेल्वे रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर आहे आणि तिचा बहुतांश मार्ग एकेरी आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या स्थानकातच एकमेकींना ओलांडू शकतात. ‘क्रॉसिंगला थांबली’ हे वाक्य आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. हे सगळं जुळवायला कंट्रोल ऑफिसात एक तक्ता असतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्थानकं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे क्रॉसिंग. विलवडेला गाडी का थांबली हे डब्यातल्या माणसाला कळत नाही, तक्ता पाहणाऱ्याला एका नजरेत कळतं. ‘ब्लिंक’ पाहताना आपण सॅलीच्या डब्यात बसलेलो असतो. तक्ता काढला की घोळ संपतो. सापेक्षतावादाच्या पुस्तकांतही माणसाचा किंवा कणाचा प्रवास असाच आकृतीतल्या रेघेने दाखवतात, त्यामुळे ही युक्ती नुसती सोयीची नाही, शास्त्राला धरूनही आहे.

लागतं काय? ए-फोर आकाराचे दोन कागद, पट्टी, पेन्सिल आणि चार रंगांची पेनं. पहिला कागद आडवा धरा. खाली डावीकडून उजवीकडे सालं मांडा, एक सेंटिमीटरला पाच वर्षं. १९२० ते २००८ ही ८८ वर्षं साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास बसतात. डावीकडे उभ्या अक्षावर ठिकाणं लिहा: हल शहर, ते ओसाड घर ‘वेस्टर ड्रमलिन्स’, पोलिसांचं गॅरेज, इस्पितळ, डीव्हीडीचं दुकान. दुसऱ्या कागदावर फक्त २००७ मधली ती रात्र आणि पुढचा दिवस घ्या, तासाला एक सेंटिमीटर. हा दुसरा कागद टाळू नका. कथेतली बरीच गर्दी त्या एका दिवसात आहे आणि पहिल्या कागदावर तो दिवस पेनाच्या टोकाएवढाही होत नाही.

नियम तीनच. माणूस नेहमीसारखा जगत असेल तर सलग रेघ आणि ती कायम उजवीकडे जाणार. काळात मागे फेकला गेला तर तुटक रेघ, डावीकडे. आणि जे पडद्यावर दाखवलेलंच नाही ते पेन्सिलने. तिसरा नियम पाळला नाही की माणसं आपल्या मनातले तर्क पक्क्या शाईने काढतात आणि मग त्यांवरच भांडत बसतात.

सॅलीची रेघ आधी काढा, ती सगळ्यांत सरळ आहे. रात्री ती कॅमेरा घेऊन ओसाड घरात शिरते. भिंतीचा सुटलेला कागद सोलते तर खाली तिच्याच नावाने इशारा: रडणाऱ्या देवदूतापासून सावध राहा, आणि खाली वाक! ती वाकते आणि मागून आलेला दगड डोक्यावरून जातो. मजकुराखाली डॉक्टरचं नाव आणि १९६९ हे साल. दुसऱ्या दिवशी ती मैत्रीण कॅथी नाइटिंगेलला घेऊन पुन्हा तिथे जाते. मग दुकान, पोलीस, इस्पितळ, रात्री पुन्हा तेच घर. वर्षभराने ती कॅथीचा भाऊ लॅरी याच्याबरोबर दुकान चालवताना दिसते. या रेघेत एकही तुटक तुकडा नाही. सॅली कुठेही कालप्रवास करत नाही. तिच्या हयातीत काहीही उलटसुलट होत नाही, हे कागदावर दिसलं की अर्धी भीती जाते.

आता कॅथी. घरात पुतळा तिला स्पर्श करतो. तिथून तुटक रेघ डावीकडे, हलजवळ, ५ डिसेंबर १९२०. हल हे इंग्लंडच्या पूर्व बाजूचं बंदराचं शहर. तिथून सलग रेघ उजवीकडे: लग्न, मुलं, म्हातारपण आणि १९८७ मध्ये मृत्यू. मरण्याआधी तिने लिहिलेलं पत्र तिचा नातू नेमक्या दिवशी, नेमक्या वेळी त्या घराच्या दारात सॅलीला देतो. पाहणाऱ्याला इथे धक्का बसतो, कारण तरुण कॅथी काही क्षणांपूर्वी घरातच होती. तक्त्यावर मात्र यात विचित्र काही नाही. कागदावर १९८५ च्या आसपास एक उभी पट्टी ठेवा. कॅथीचा जन्म त्याआधीचा धरला, तर तिची रेघ पट्टीला दोनदा छेदते. एक कॅथी लहान बाळ आणि दुसरी नातवंडं असलेली आजी, एकाच देशात, एकाच वेळी. दोघी भेटत नाहीत, एवढंच.

बिलीचं तर त्याहून हलवून टाकणारं आहे. हा तरुण पोलीस अधिकारी दुपारी गॅरेजात सॅलीला भेटतो, त्या घराबाहेर बेवारस सापडलेल्या गाड्या आणि निळी पेटी दाखवतो, तिचा फोन नंबर घेतो. ती बाहेर पडताच पुतळे त्याला १९६९ मध्ये फेकतात आणि पेटी घेऊन जातात. थोड्याच वेळात सॅलीचा फोन वाजतो. फोन करणारा बिलीच, पण इस्पितळात शेवटच्या घटका मोजणारा म्हातारा. तिच्या लेखी काही मिनिटं गेली, त्याच्या लेखी ३८ वर्षं. बाहेर पडतोय तो पाऊसही तोच. दुसऱ्या कागदावर त्या दुपारी बिलीच्या दोन रेघा शेजारी शेजारी धावतात, गॅरेजात एक आणि इस्पितळात एक. गॅरेजातली तुटली की उरते ती म्हाताऱ्याची. या भागात आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा प्रसंग, कारण इथे कालप्रवासाची किंमत एका माणसाच्या अख्ख्या आयुष्यात मोजून दाखवली आहे.

‘मग बिलीने आधीच येऊन सॅलीला सावध का केलं नाही?’ हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर भागातच आहे. तसं केलं तर स्थळकाळाला भोक पडून विश्वाचा दोन-तृतीयांश भाग नष्ट होईल, असं डॉक्टरने त्याला बजावलेलं असतं. पण विश्व बाजूला ठेवलं तरी तक्ता तेच सांगतो. सॅलीच्या रेघेवर म्हाताऱ्या बिलीशी आधीची भेट नाही, म्हणजे ती झालेली नाही. या भागात भूतकाळ कोणीही बदलत नाही. जे झालं ते एकदाच झालं आणि त्यात भविष्यातून आलेल्या माणसांचा हात पहिल्यापासूनच होता. दुसऱ्या मालिकांमध्ये कोणी मागे जाऊन इतिहास बदलतो आणि नवी शाखा फुटते. ती सवय डोक्यात ठेवून ‘ब्लिंक’ पाहिला की ‘पहिल्या वेळी काय झालं असेल?’ असा प्रश्न पडतो. पहिली वेळ, दुसरी वेळ असं इथे काही नाही. प्रत्येक रेघ एकदाच काढलेली आहे.

सगळ्यांत चुकते ती डॉक्टरची रेघ. लोक ती पडद्यावरच्या क्रमाने काढतात: आधी भिंत, मग डीव्हीडी, शेवटी दुकानाबाहेरची भेट. तो सॅलीचा क्रम झाला. डॉक्टरचा क्रम वेगळा आहे. त्याच्या आयुष्यात आधी येते २००८ मधली दुकानासमोरची भेट. मार्थाबरोबर धनुष्यबाण घेऊन घाईघाईत चाललेला डॉक्टर सॅलीला ओळखत नाही, कारण त्याच्यासाठी यातलं काही घडलेलंच नाही. ती त्याला कागदांचं बाड देते आणि सांगते, तू एकदा १९६९ मध्ये अडकशील तेव्हा हे जवळ ठेव. त्यानंतर केव्हातरी तो त्या पुतळ्यांच्या तावडीत सापडतो. हा प्रसंग दाखवलेला नाही, म्हणून इथे पेन्सिल. तिथून तुटक रेघ १९६९ ला. तिथे मार्था दुकानात नोकरी करून दोघांचं भागवते, डॉक्टर बिलीला गाठतो, बाडात पाहून भिंतीवर मजकूर लिहितो आणि कॅमेऱ्यासमोर बसून आपली वाक्यं वाचतो. बिली पुढे प्रकाशनात, मग व्हिडिओच्या आणि शेवटी डीव्हीडीच्या धंद्यात जातो. डीव्हीडी बाजारात आली १९९६ मध्ये, म्हणजे ते चित्रीकरण त्याने पाव शतकाहून जास्त काळ जपलं. मग ते एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या १७ डीव्हीडींमध्ये लपवून ठेवलं. त्या १७च का? कारण सॅलीच्या मालकीच्या डीव्हीडी नेमक्या त्याच आहेत.

आता बाडातला तो कागद. इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात: कागद, वाक्यं आणि माहिती.

कागदाचा प्रवास साधा आहे. लॅरीकडे डॉक्टरच्या बाजूची वाक्यं आधीच उतरवलेली असतात, कारण तो ती चित्रफीत कितीदा तरी पाहून बसलेला असतो. त्या रात्री घरात छोट्या प्लेअरवर डीव्हीडी लावल्यावर तो सॅलीची वाक्यं मध्ये मध्ये लिहीत जातो. हा कागद २००७ मध्ये तयार झाला, वर्षभर सॅलीकडे राहिला, २००८ मध्ये डॉक्टरला मिळाला, त्याच्याबरोबर १९६९ मध्ये गेला. तिथून तो परत लॅरीच्या हातात येत नाही. कागद गोल फिरत नाही, त्याला सुरुवात आहे. हे महत्त्वाचं आहे, कारण तोच कागद फिरत राहिला असता तर प्रत्येक फेरीला जुना होत जाऊन त्याचा चुरा झाला असता, आणि मग गोष्ट खरोखरच तुटली असती.

तो कागद लॅरीचाच, याचा पुरावाही भागात आहे. डीव्हीडीत डॉक्टर अचानक थांबतो आणि म्हणतो की माझ्याकडे तुझं बोलणं इथपर्यंतच आहे. तू का थांबलीस ते माहीत नाही, पण अंदाज करू शकतो, ते येताहेत. कागद तिथे संपतो, कारण तिथे लॅरीचं लिहिणं थांबलं. दुसऱ्यांदा पाहताना याच क्षणी पॉज करा. डीव्हीडी हा थेट फोन नाही, डॉक्टर काहीही ऐकत नाही, हे इथे एकदम पटतं.

वाक्यांचे दोन वाटे आहेत. सॅलीची वाक्यं सॅलीची. ती समोर पाहून, घाबरून, चिडून, स्वतःच्या मनाने बोलते. त्यांना लेखिका आहे. डॉक्टरची वाक्यं मात्र तो कागदावरून वाचतो, कागदावर ती चित्रफितीवरून आली, चित्रफितीत ती डॉक्टरच्या वाचण्यातून आली. बोट ठेवून हा रस्ता कितीही फिरा, ‘इथे सुचलं’ अशी जागा सापडत नाही. खरा गुंता एवढाच. त्यातही डॉक्टर जे सांगतो ती माहिती अनाथ नाही. पुतळे काय आहेत, कसे मारतात, पापणी का लवू द्यायची नाही, हे त्याला स्वतःला ठाऊक आहे. लेखकाविना उरते ती फक्त शब्दरचना, म्हणजे तीच गोष्ट नेमक्या त्याच शब्दांत, त्याच क्रमाने मांडण्याची निवड.

भौतिकशास्त्रात अशा वेटोळ्याला जागा आहे का? कागदोपत्री आहे. आइन्स्टाइनच्या समीकरणांमधून स्वतःच्याच भूतकाळात परत येणारे मार्ग निघू शकतात, हे गणितज्ञ कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये दाखवलं. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांनी मांडलेलं तत्त्व असं की तसा मार्ग असलाच, तर त्यावर फक्त स्वतःशी सुसंगत घटनाच घडतील. आजोबांना मारून स्वतःचा जन्म रोखता येणार नाही. ‘ब्लिंक’ या तत्त्वाला तंतोतंत धरून चालतो. डॉक्टरच्या वाक्यांवर अट एकच: ती ऐकून सॅलीने असंच बोललं पाहिजे की उतरवलेल्या कागदात पुन्हा तीच वाक्यं यावीत. ही अट बरीच कडक आहे, वाटेल तो मजकूर तिथे चालणार नाही. पण अट पूर्ण करणारे दोन वेगळे मजकूर असू शकले, तर त्यातला हाच का, याचं उत्तर ते तत्त्व देत नाही. मालिकाही देत नाही. आमच्या मते हा कथेचा दोष नव्हे. लेखकाने गाठ मुद्दाम मधोमध ठेवली आहे आणि बाकीचे सगळे धागे तिच्याभोवती नीट विणले आहेत.

कोणी पाहिलं की पुतळे दगड होतात, याला भागात ‘क्वांटम लॉक’ म्हटलं आहे. त्याबद्दल मात्र शास्त्राचा फार आधार शोधू नये. त्याच्या जवळ जाणारी खरी कल्पना आहे क्वांटम झेनो परिणामाची: एखाद्या क्वांटम प्रणालीचं, म्हणजे अणूसारख्या अतिसूक्ष्म गोष्टीचं, वारंवार मापन करत राहिलं तर तिच्यातला बदल रोखला जातो. हे नाव बैद्यनाथ मिश्र आणि केरळात जन्मलेले ई. सी. जी. सुदर्शन यांच्या १९७७ मधल्या शोधनिबंधातून आलं. १९९० मध्ये अमेरिकेत बेरिलियमच्या आयनांवर प्रयोग करून तो परिणाम दाखवण्यात आला. पण तिथे मापन म्हणजे माणसाची नजर नव्हे. हवेच्या रेणूंची टक्करही मापनासारखंच काम करते. त्या हिशेबाने भर काळोखातही पुतळा जागचा हलू नये.

पापण्यांचा हिशेब वेगळा करून पाहण्यासारखा आहे. माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो. एकट्याला न लववता मिनिटभर राहणंही कठीण. दोघं असले तर आळीपाळीने डोळे मिटता येतात, पण त्यासाठी मोठ्याने मोजत राहावं लागेल आणि दोघांनीही त्याच पुतळ्याकडे पाहावं लागेल. पुतळे चार आणि दिशाही चार असल्या की ही युक्ती कोसळते. म्हणून सॅली आणि लॅरीचं तळघरात धावत सुटणं मूर्खपणाचं नाही.

तळघरातला शेवट दोन कारणांनी गोंधळात टाकतो. पहिलं कारण डीव्हीडी. तीच तबकडी टार्डिसमध्ये किल्लीसारखी चालते, एका प्रवासापुरती. टार्डिस १९६९ मध्ये डॉक्टरकडे निघून जातं आणि सॅली-लॅरीला तिथेच मागे सोडतं. ही तक्त्यावरची शेवटची तुटक रेघ, आणि या रेघेत माणूस कोणी नाही. टार्डिसचं कुलूप उघडणारी चावी सॅलीने पुतळ्याच्या हातातूनच घेतली होती, पुतळे तिच्या मागे लागले ते त्या चावीसाठी. पेटीतली काळाची ऊर्जा हवी होती त्यांना.

दुसरं कारण जास्त अवघड. पेटी मधून नाहीशी होताच तिला वेढून उभे असलेले चारही पुतळे एकमेकांकडे पाहत दगड होतात, म्हणे कायमचे. पण त्याआधीच्याच मिनिटात एका पुतळ्याने बोट रोखून तळघरातला दिवा फडफडवला होता. दिवा गेला तर काळोखात कोण कोणाला पाहणार? पावसाळ्यात आपल्याकडे वीज गेली की हा प्रश्न आपसूकच सुचतो. यावर एक बचाव मांडता येतो: दिवा फडफडवायला पुतळ्याला आधी मोकळं असावं लागतं आणि एकमेकांच्या नजरेत अडकल्यावर तो मोकळा नाही. हा बचाव चालतो, पण बल्ब स्वतःहून जळाला तर चालत नाही. २०१० मध्ये आलेल्या ‘द टाइम ऑफ एंजल्स’ या भागात पुतळ्यांचे नवे नियम आले, उदाहरणार्थ पुतळ्याचं चित्रही पुतळाच बनतं. ते नियम मागे नेऊन ‘ब्लिंक’ला लावू नका, त्याने उत्तर मिळत नाही, नवे प्रश्न मात्र वाढतात. ‘कायमचे’ हा शब्द तक्त्यावर शाईने लिहिण्याइतका पुरावा या भागात नाही. तिथून पुढे चारही पुतळ्यांची रेघ पेन्सिलनेच काढा.